जुळवून कोणी घ्यायचे?

मुलगी सासरी निघाली की आई, मावशी, आत्या, शेजारपाजारच्या बाया तिच्या कानाशी लागून एकच गोष्ट सांगतात, "जुळवून घे हो बाळ." उपदेश प्रेमाचा असतो आणि अनुभवाचाही असतो, ज्या सांगतात त्या स्वतः तसेच करीत आलेल्या असतात. नवरदेवाला बाजूला घेऊन कोणी असे सांगितल्याचे माझ्या आजवरच्या आयुष्यात मी ऐकलेले नाही. त्याला सांगतात, "सांभाळून घे." ऐकायला दोन्ही वाक्ये सारखीच, परंतु पहिल्यात जिला सांगितले तिने स्वतः बदलायचे असते, दुसऱ्यात ज्याला सांगितले त्याने दुसऱ्याचे उणे तेवढे पोटात घालायचे असते.

हवामानबदलाविषयी अलीकडे जे लिहिले जाते ते वाचताना हा शब्द मला पुन्हा भेटला. शासकीय मराठीत त्याला 'अनुकूलन' म्हणतात. जगापुढे आता दोन कामे आहेत, असे जाणकार सांगतात. धूर कमी करणे हे पहिले. आणि जे टळण्याची वेळ निघून गेली आहे, म्हणजे चढणारा समुद्र, लहरी पाऊस, अधिक जोराची वादळे, त्यांच्याशी जुळवून राहणे हे दुसरे. हे दुसरे काम लोकांच्या पुढाकाराने व्हावे असा आग्रह सर्वत्र धरला जातो. राजधानीत बसून कोणी नकाशावर रेघ ओढण्यापेक्षा ज्यांच्या अंगणात पाणी शिरते त्यांनीच बांध कोठे घालायचा ते ठरवावे. वसईच्या माणसाला हे निराळे पटवून देण्याची गरज नाही. बेसुमार उपशाने आमच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या, वाड्या ओस पडण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली ती कोणा कचेरीच्या हुकमाने नव्हे.

तरीही 'लोक', 'समाज', 'गाव' हे शब्द उच्चारताना आपण नकळत असे धरून चालतो की, गावाला एक मन आहे आणि एक तोंड आहे. "गावाने ठरवले" असे आपण सहज म्हणतो. गावातील नेमक्या कोणी ठरवले? आणि ठरल्यानंतर जुळवून कोणी घेतले? हे दोन प्रश्न मला एकत्र विचारावेसे वाटतात. कारण पहिल्याचे उत्तर आणि दुसऱ्याचे उत्तर बहुधा निराळे निघते.

याचा विचार बांगलादेशाच्या किनाऱ्याकडे पाहून करणे इष्ट वाटते. वादळाशी आणि खाऱ्या पाण्याशी जुळवून घेण्याचा इतका दीर्घ प्रयोग गावकऱ्यांनी अन्यत्र क्वचितच केला असेल.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री, तो देश अजून पूर्व पाकिस्तान होता तेव्हा, भोला चक्रीवादळाने तेथे तीन ते पाच लाख माणसे गिळली. नेमका आकडा आजही कोणी छातीठोकपणे सांगत नाही. स्वातंत्र्यानंतर, १९७२ मध्ये, रेडक्रॉसच्या साहाय्याने चक्रीवादळ पूर्वतयारीचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्याची मांडणी साधी होती. प्रत्येक वस्तीतले स्वयंसेवक त्याच वस्तीचे. वादळाची वर्दी आली की त्यांनी निशाणे चढवायची, धोका वाढत जाईल तशी एक, दोन, तीन. कर्णा घेऊन पायवाटांनी ओरडत जायचे, हाताने फिरवायचा भोंगा वाजवायचा, आणि लोकांना उंचावरच्या निवाऱ्यात न्यायचे. पगार नाही. वादळात इतरांना वाचवताना स्वतः प्राण गमावलेले स्वयंसेवकही त्यांत आहेत. लोकांचा पुढाकार कशाला म्हणतात ते दाखवायला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही, आणि पुढील विवेचन या माणसांचे ऋण मानूनच करीत आहे.

२९ एप्रिल १९९१ रोजी चित्तगावच्या किनाऱ्यावर पुन्हा तसेच वादळ आदळले. या वेळी इशारा मिळालेला होता. निशाणे चढली होती, कर्णे ओरडले होते. तरी सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. निवारे फारच अपुरे होते, हे एक कारण झाले. परंतु त्या वादळाविषयी एक आकडा वारंवार दिला जातो, आणि तो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. वीस ते चव्वेचाळीस या वयातील पुरुषांमध्ये मृत्यूचे प्रमाण दर हजारी १५ होते; त्याच वयाच्या स्त्रियांमध्ये ते ७१ होते. म्हातारीकोतारी नव्हे, ऐन उमेदीतल्या स्त्रिया.

असे का व्हावे? त्याची जी कारणे नोंदवली गेली ती वाचताना कोणताही गावकरी माणूस मान डोलावील. नवरा समुद्रावर किंवा शहरात कामाला, आणि घराबाहेर पडायचे तर कोणाला विचारायचे हा प्रश्न. निवारा म्हणजे एक मोठी खोली. तीत अनोळखी पुरुष खांद्याला खांदा लावून उभे. शौचाची सोय नाही. पडद्यात वाढलेल्या बाईला तेथे रात्र काढणे मरणाहून कठीण वाटावे. कडेवर एक मूल, बोटाला दुसरे, आणि अंथरुणावर सासू. घरात धान्याची कणगी, अंगणात शेळ्या-कोंबड्या, हे टाकून गेल्यावर उद्या घरचे काय म्हणतील ही धास्ती. मुलांना पोहायला आणि झाडावर चढायला कोणी ना कोणी शिकवलेले असते, मुलींना नसते. आणि शेवटी ओली झालेली साडी, जिने पायांना वेढा घालून तिला खाली ओढले.

येथे थांबून विचार करण्यासारखे आहे. इशारा सर्वांना सारखाच दिला गेला होता. कर्ण्यावरून ओरडणाऱ्याने पुरुषाच्या घरी मोठ्याने आणि बाईच्या घरी हळू सांगितले नव्हते. निवाऱ्याच्या दारावर स्त्रियांना मज्जाव अशी पाटी नव्हती. वाटणी समान होती. तरीही निष्पन्न झाले ते १५ आणि ७१. म्हणजे एकच वस्तू सर्वांच्या हाती सारखी ठेवली की समता झाली, ही आपली जी सोपी समजूत आहे, ती या ठिकाणी पुरी पडत नाही. बाहेर पडण्याची मोकळीक जिच्यापाशी नाही तिला मिळालेला इशारा आणि ती ज्याच्यापाशी आहे त्याला मिळालेला इशारा, हे एकच शब्द असूनही एकच वस्तू नव्हेत.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. यात दोषी कोण? आपल्या नीतिविचारात अन्यायाला कोणीतरी कर्ता लागतो. मारणारा हात दाखवता आला की आपल्याला हायसे वाटते. येथे तसा हात दिसत नाही. नवऱ्याचे बायकोवर प्रेम नव्हते असे नाही. कित्येक पुरुष बायका-मुलांना धरून ठेवता ठेवता वाहून गेले असतील. सासूने सुनेला मरायला सांगितले नव्हते. निवारा बांधणाऱ्या अभियंत्याने स्वच्छतागृह गाळले ते द्वेषाने नव्हे, त्याला ते सुचले नाही म्हणून. कोणीही काही वाईट न करता हजारामागे छप्पन्न अधिक स्त्रिया मेल्या. कर्ता सापडला नाही की आपण त्याला नशीब म्हणतो आणि गप्प बसतो. पण नशिबाच्या नावावर घालायचे तर वादळ घालता येईल. १५ आणि ७१ यांतील अंतर समुद्रातून आलेले नव्हते. ते त्या गावांनी पिढ्यान् पिढ्या, हळूहळू, बहुतांशी चांगल्या हेतूने रचलेले होते. आणि म्हणूनच गावाच्या हाती केवळ पुढाकार दिल्याने ते आपोआप मोडणारे नव्हते. उलट, गाव आपल्या चालीरीती बरोबर घेऊनच निवाऱ्यात शिरते.

पुढे तेथे बदल झाले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. निवाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली. एरवी त्यांत शाळा भरतात, त्यामुळे ती इमारत परकी वाटत नाही. नव्या निवाऱ्यांत स्त्रियांसाठी वेगळ्या खोल्या, वेगळी स्वच्छतागृहे आली. गुरांसाठी उंचवटे आले. गाय वाचणार हे कळले की बाई घर सोडायला तयार होते, ही बाब कागदावर क्षुद्र वाटेल, प्रत्यक्षात नाही. स्वयंसेवकांच्या पथकात बरीच वर्षे दहा पुरुष आणि पाच स्त्रिया अशी रचना होती. २०२१च्या सुमारास ती दहा आणि दहा झाली. सुमारे ७६ हजार स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. कर्णेवाला पुरुष अंगणाच्या कुंपणापाशी थांबतो. स्वयंसेविका आत चुलीपर्यंत जाते आणि सासूशी बोलते. मृत्यूंची संख्याही उतरत गेली. २००७च्या सिद्र वादळात सुमारे ३,४०० माणसे दगावली. २० मे २०२० रोजी अम्फान आले तेव्हा वीस लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवले गेले आणि बांगलादेशातील मृतांची संख्या काही डझनांवर राहिली. याचे सारे श्रेय स्त्रियांच्या सहभागाला देणे अतिशयोक्तीचे होईल. हवामानाचा अंदाज सुधारला, रस्ते झाले, दूरध्वनी आले. पण घरातून पाऊल बाहेर पडण्याचा जो शेवटचा टप्पा असतो, तो कोणत्याही उपग्रहाला उरकता येत नाही.

निम्म्या जागा दिल्या म्हणजे प्रश्न मिटला का? अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधील गावांच्या वनसमित्यांचा दीर्घ अभ्यास करून २०१० मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. समितीत एखाददुसरी बाई असली तर ती बहुधा बोलत नाही. स्त्रियांचे प्रमाण पाव ते एकतृतीयांश झाले की त्या बैठकीला येऊ लागतात, बोलू लागतात, असे त्यांना आढळले. म्हणजे संख्येला महत्त्व आहेच. एकटी बाई सभेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर सावरून बसते आणि आपण छायाचित्र काढतो, त्याला सहभाग म्हणायचे नाही, एवढे तरी यातून ठरते.

परंतु मला अधिक छळणारा आक्षेप दुसराच आहे, आणि तो एका अनुभवी बाईंनी माझ्याशी बोलताना घेतला. त्या म्हणाल्या, "घरचे आम्ही करतो, वाडीतले आम्ही करतो, आता वादळही आमच्याच गळ्यात घाला." त्यांचे म्हणणे खोटे नाही. 'स्त्री ही निसर्गाला जवळची, तीच वसुंधरेची राखणदार' अशी भाषणे व्यासपीठांवरून ऐकू येतात. ऐकायला ती गोड असतात, आणि शेवटी त्यांतून निघते एवढेच की झाडे लावण्याचे, पाणी राखण्याचे, कचरा वेगळा करण्याचे बिनपगारी काम तिचे, कारण ते तिच्या स्वभावातच आहे! स्त्रीचे निसर्गाशी जे नाते दिसते ते तिच्या वाट्याला आलेल्या कामांतून, सरपण आणि पाणी आणण्यातून आलेले आहे, उपजत स्वभावातून नव्हे, असे याच अग्रवाल बाईंनी १९९२ मध्येच मांडले होते. निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचा आणि राबायचे तिने, याला समता हे नाव देणे ही फसवणूक आहे. किंबहुना तिच्यावर काम न टाकणारी जुनी उपेक्षा त्यापेक्षा प्रामाणिक म्हणावी लागेल.

वादळ एका रात्रीत येते आणि जाते. खारे पाणी मात्र येऊन राहते. बांगलादेशाच्या नैर्ऋत्येस खुलना जिल्ह्यात साठच्या दशकात बांध घालून समुद्रापासून जमिनी राखल्या गेल्या. आपल्याकडील खाजणांच्या बांधबंदिस्तीसारखेच, पण फार मोठ्या प्रमाणावर. त्यांना पोल्डर म्हणतात. ऐंशीच्या दशकात कोळंबीला परदेशात भाव आला, तेव्हा धनिकांनी बांध फोडून खारे पाणी आत घेतले. भातशेतीच्या जागी कोळंबीची तळी झाली. क्षार वाढतातच आहेत तर कोळंबी पिकवणे हेच शहाणपणाचे जुळवून घेणे, असा युक्तिवादही पुढे केला गेला. तळ्याच्या मालकाच्या दृष्टीने तो बरोबर होता. भातलावणी बुडाली की मजुरीवर जाणाऱ्या बाईचे काम बुडते. परसातला भाजीचा वाफा जळतो. गाईला चारा राहत नाही. आणि गोड्या पाण्याचे तळे आणखी एक कोस दूर जाते. त्याच खुलन्यातील दाकोप तालुक्यात गरोदर स्त्रियांची पाहणी करून २०११ मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिले की, कोरड्या ऋतूत त्यांच्या पोटात केवळ पिण्याच्या पाण्यातून दिवसाला ५ ते १६ ग्रॅम सोडियम जात होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साऱ्या आहारातून मिळून दोन ग्रॅमपेक्षा ते कमी असावे. त्या ऋतूत गर्भवतींमधील रक्तदाबाचा विकारही अधिक आढळला.

अशा बाईला जर कोणी पाहणी करणाऱ्याने विचारले की, "त्रास होतो का?" तर ती काय सांगेल? ती म्हणेल, "सवय झाली." अमर्त्य सेन यांनी या उत्तराबद्दल आपल्याला सावध केले आहे. ज्यांचे आयुष्य दीर्घकाळ उणिवेत गेले ती माणसे जगता यावे म्हणून आपल्या इच्छाच आखडून घेतात. तेव्हा त्यांच्या समाधानावरून त्यांच्या हिताचे माप काढणे चूक आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मला वाटते, आपल्या 'जुळवून घे' या उपदेशाचे यापेक्षा नेमके वर्णन कोणी केलेले नाही. समुद्र चढण्यापूर्वी कित्येक शतके बाई अनुकूलनच करीत आली आहे. तिने ते इतके चांगले केले की कोणाला दिसलेच नाही.

आणि एखादी ते नाकारते. खुलन्याच्याच पाइकगाछा भागात पोल्डर क्रमांक २२ मध्ये हरिणखोला नावाचे गाव आहे. तेथे बांध फोडून कोळंबीसाठी खारे पाणी घेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा भूमिहीनांनी मोर्चा काढला. ७ नोव्हेंबर १९९० हा तो दिवस. मोर्चाच्या अग्रभागी करुणामयी सरदार ही भूमिहीन स्त्री होती. हल्लेखोरांनी तिला ठार मारले. पण पोल्डर २२ मध्ये खारे पाणी शिरू शकले नाही. आजूबाजूची पोल्डरे कोळंबीच्या तळ्यांनी भरली असता तेथे भात आणि भाजीपाला पिकत राहिला, आणि दरवर्षी ७ नोव्हेंबरला लोक तिच्या स्मरणार्थ जमतात. तिला हवामानबदल हा शब्द ठाऊक असण्याचे कारण नव्हते. गावाने कशाशी जुळवून घ्यावे आणि कशाशी मुळीच घेऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, एवढे तिने धरून ठेवले. ती एकट्या बायकांसाठी लढत नव्हती. त्या बांधाआड पुरुषांचीही शेते होती.

संकटाच्या वेळी घराघरांत हा स्त्री-पुरुषांचा वाद आणू नका, आधी ऐक्य हवे, असे म्हणणारे सद्गृहस्थ आमच्यात आहेत. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. बाहेरच्याने येऊन व्याख्यान झोडले की गाव बिचकते, आणि वादळात शेवटी शेजारीच शेजाऱ्याच्या उपयोगी पडतो, हे खरे आहे. परंतु ज्या ऐक्यासाठी नेहमी एकाच बाजूने गप्प बसायचे असते त्याला दुसरे काही नाव शोधावे लागेल. ते कोणते, हे मला अजून सापडलेले नाही.

आता स्वतःविषयी. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यालगतून गेले. केळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली, ती आमच्या आळीत चार दिवस आलीच नाही. मोटारी बंद, त्यामुळे ज्या दोन-तीन विहिरींचे पाणी अजून गोडे आहे तेथे पोहरे पुन्हा खाली गेले. टाळेबंदीचे निर्बंध सैल झाल्यावर, पुढच्या वेळेची तयारी म्हणून आम्ही गावातील मंडळींची एक सभा घेतली. इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. बावखले साफ करावी, जनित्र घ्यावे, झाडांच्या फांद्या आधीच छाटाव्या, अशी चर्चा चालली. मग कोणीतरी विचारले, वीज नसताना एका घराला दिवसाला किती पाणी लागते? आम्ही एकोणीस जण एकमेकांकडे पाहू लागलो. कोणी पाचशे लिटर म्हणाला, कोणी दोनशे. दारात चहाचे तबक घेऊन उभ्या असलेल्या एका वहिनी म्हणाल्या, "अकरा हंडे. पाहुणे नसले तर. आणि म्हातारे माणूस अंथरुणावर असेल तर चौदा." त्या तबक ठेवून आत गेल्या. सभेने तो आकडा मान्य केला आणि त्यावरून टाकीचे माप ठरले.

ती वही काल मी पुन्हा काढून पाहिली. उपस्थितांची एकोणीस नावे आहेत. खाली माझ्याच हस्ताक्षरात लिहिले आहे, 'प्रत्येक घरास दररोज सरासरी अकरा हंडे पाणी लागते असे सभेच्या निदर्शनास आले.' कोणी आणून दिले, ते लिहिलेले नाही.